दोन हार्ड डिस्क, एक एसएसडी, दोन डीव्हीडी रायटर: डब्यात कोणाला कुठे बसवायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दिग्रसकडच्या एका खेड्यात तुमचा फोटो स्टुडिओ आहे, त्यातच ऑनलाइन फॉर्म भरायचं कामही चालतं. लग्नसराईत शूटिंगचा डेटा मावेनासा झाला म्हणून तुम्ही ४ टीबीची नवी हार्ड डिस्क आणि २४० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) आणली. मशीन असेम्बल केलेलं, मदरबोर्ड इंटेलच्या एच८१ चिपसेटचा, कॅबिनेट जुन्या पद्धतीचं, म्हणजे एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) वरच्या अंगाला. आत आधीच ५०० जीबीची डिस्क आणि साटाचा (आजच्या बारीक केबलच्या जोडणीचा) एक डीव्हीडी रायटर आहे. कपाटात आयडीईचा (साटाच्या आधीच्या जोडणीचा) एक जुना रायटर पडलाय, तोही लावायची इच्छा आहे. कोण वर, कोण खाली, कोणती केबल कोणत्या सॉकेटला, डबा काउंटरखाली आडवा झोपवला तर चालेल का, आणि मे महिन्यात जुन्या डिस्कला हात लावला की चटका बसतो त्याचं काय, एवढं तुम्ही विचारलंय. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी तुम्हाला डिस्क आणि डीव्हीडी 'मास्टर-स्लेव्ह करून घ्या' असं सांगितलंय.

हे शेवटचं आधी डोक्यातून काढून टाका. मास्टर-स्लेव्हची भानगड आयडीईच्या रुंद पट्टीसारख्या केबलची होती. एका केबलवर दोन उपकरणं बसायची, म्हणून मागच्या जम्परने (दोन पिना जोडणाऱ्या लहान टोपीने) कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह ते ठरवावं लागायचं. केबलचं निळं टोक बोर्डात, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. त्या काळात जागेचाही प्रश्न होता, कारण केबल १८ इंचांपेक्षा लांब नसावी असा नियम होता आणि दोन टोकांमधलं अंतरही ठरलेलं. त्यामुळे डिस्क आणि सीडी ड्राइव्ह कुठे बसणार ते निम्मं केबलच ठरवायची. साटामध्ये एक सॉकेट, एक केबल, एक उपकरण. जम्पर लावायचा नाही, टोकं मोजायची नाहीत. तुमच्या मशीनमधल्या चारही वस्तू साटाच्या आहेत आणि एच८१ च्या बोर्डावर बहुतेक चारच साटा सॉकेट असतात. एसएसडी, दोन डिस्क, एक रायटर. हिशोब नेमका जुळला. पाचव्या आयडीई रायटरचं काय करायचं ते शेवटी बोलू.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय 'कोण वर, कोण खाली', पण उंचीने कोणत्याच ड्राइव्हचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तीन गोष्टींनी: डिस्कवरून हवा वाहते की नाही, वीज कोणत्या तारेतून किती जोडण्या पार करून येते, आणि उद्या एखादी डिस्क बाहेर काढायची झाली तर बाकीच्यांना धक्का न लावता निघते की नाही. माझ्याकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मशीनमध्ये डिस्क बहुतेक वेळा पिंजऱ्याच्या (डिस्क बसवायच्या लोखंडी खणांच्या चौकटीच्या) सगळ्यात वरच्या खणात असते, कारण तिथे केबल सहज पोचते आणि स्क्रू ड्रायव्हरही नीट जातो. असेम्बल करणाऱ्याची सोय झाली. पण त्या खणासमोर ना पंखा असतो ना जाळी, सपाट प्लास्टिकचा पत्रा असतो. त्यात शेजारच्या खणात दुसरी डिस्क कोंबली की मधे बोटभरही फट उरत नाही, आणि दोघी एकमेकींना भाजत बसतात.

तुमच्या डब्याची बाजू उघडा आणि समोरून खाली बघा. प्लास्टिकच्या तोंडामागे, पिंजऱ्याच्या समोर, पत्र्यावर गोल भोकांची जाळी आणि चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं दिसतील. ती पंख्याची जागा. स्वस्त कॅबिनेटमध्ये कंपनी जागा देते, पंखा देत नाही. तिथे १२० मिलिमीटरचा बसतो की ८० चा, ते मोजून घ्या आणि एक साधा पंखा आणून लावा. हवा आत ओढली गेली पाहिजे. पंख्याच्या कडेवर बाण असतो. बाण नसेल तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, म्हणजे ती बाजू डिस्ककडे हवी. या एका पंख्याने डिस्कचं तापमान जेवढं उतरतं तेवढं जागा बदलून कधीच उतरत नाही.

मग जागा अशा. ४ टीबीची डिस्क पंख्याच्या बरोबर समोर येईल त्या खणात. तिच्या वरचा एक खण मोकळा सोडा. त्याच्या वरच्या खणात ५०० जीबीची. पिंजऱ्यात तेवढे खण नसतील तर ५०० जीबीची डिस्क डीव्हीडीच्या खालच्या मोठ्या खणात बसवा. मोठा खण सव्वापाच इंचांचा आणि डिस्क साडेतीन इंचांची, त्यामुळे दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचा ब्रॅकेट लागतो. यवतमाळला किंवा अमरावतीला मिळून जाईल, नाहीतर नागपूरला सीताबर्डीवर नक्कीच. मोठ्या खणात डिस्कच्या चारही बाजूंना मोकळी हवा असते, हा फायदा. समोर पंखा नसतो, हा तोटा. कमी वापराच्या डिस्कला ती जागा चालते. रोज शूटिंग ओतायची आणि एडिटिंग करायचं ती डिस्क मात्र पंख्यासमोरच.

एसएसडीला कुठेही जागा द्या. तिच्यात फिरणारा भाग नाही, ती फारशी तापत नाही, पडल्या-झडल्याचंही तिला विशेष काही नाही. अडीच इंचांचा खण नसेल तर पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला दोन स्क्रूंवर लावा, अगदी जाड दुहेरी टेपने चिकटवली तरी चालेल. तोच टेपचा प्रकार हार्ड डिस्कवर करू नका. डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. ती लोंबकळत राहिली की स्वतःच्याच थरथरीने हैराण होते. तिला चारही स्क्रू हवेत, दोन नव्हे.

स्क्रूचं आलंच आहे तर इथे जरा थांबतो, कारण यातली गडबड मी फार वेळा निस्तरली आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात. डीव्हीडी रायटरला आणि अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचे. दोन्ही स्क्रू शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक कळतो: एकावर आटे विरळ, दुसऱ्यावर दाट. डीव्हीडीच्या भोकात जाड आट्यांचा स्क्रू पिळला तर सुरुवातीला तो जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं छान बसला. खरं तर भोकातले आटे खाल्लेले असतात. पुढे तो ड्राइव्ह कधीच घट्ट बसत नाही, डिस्क फिरायला लागली की डबा घुंघुं वाजतो. लांब स्क्रूही नको. आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवून बघा. सरळ गेला तरच स्क्रू ड्रायव्हर लावा. आणि चारही अर्धवट लावून मग आळीपाळीने कसा.

डीव्हीडी रायटर सगळ्यात वरच्या मोठ्या खणात. यामागे शास्त्र थोडं आणि सोय जास्त. ट्रे बाहेर येते तेव्हा ती टेबलाच्या फळीला, काउंटरच्या दाराला किंवा कीबोर्डच्या सरकत्या फळीला अडता कामा नये. एक गोष्ट तपासा: तुमचं एसएमपीएस वर आहे, त्याच्या तारांचा जुडगा नेमका रायटरच्या पाठीमागे येतो. रायटर सरकवताना त्या तारा मधे दाबल्या जात असतील तर एक खण खाली घ्या. मोठे खण दोन आहेत, अडायचं कारण नाही.

आता आडवा डबा. चालतं. हार्ड डिस्क सपाट, कुशीवर, कशीही बसवली तरी कंपन्यांना मान्य असतं. तिरकी, अर्धवट कललेली मात्र ठेवू नका. उभी वापरलेली डिस्क आडवी केली की पुन्हा फॉरमॅट करावी लागते असं जुने लोक सांगतात. ते अगदी सुरुवातीच्या डिस्कबद्दल खरं होतं, आजच्या डिस्क वाचताना स्वतःची जागा स्वतः शोधतात. अडचण येते ती डीव्हीडीला. डबा झोपवला की रायटर उभा होतो. बऱ्याच रायटरच्या ट्रेवर कडेला लहान प्लास्टिकचे काटे असतात, ते पुढे ओढले की सीडी घसरत नाही. ते असतील तर काम होईल, पण दर वेळी सीडी त्या काट्यांमागे अडकवत बसावं लागतं. लहान ८ सेंटिमीटरची सीडी तर बसणारच नाही. स्टुडिओत दिवसाला दहा गिऱ्हाईक डीव्हीडी मागणारं असेल तर हा जाच आहे. शिवाय काउंटरखाली तीन बाजूंनी फळ्या असतात, गरम हवा तिथेच कोंडते. मी तुमच्या जागी असतो तर डबा उभाच ठेवला असता आणि पाटावर किंवा दोन विटांवर जमिनीपासून वीतभर उंच केला असता. फरशी पुसताना पाणी लागत नाही आणि जमिनीलगतची धूळही कमी ओढली जाते. एक पक्कं लक्षात ठेवा: मशीन चालू असताना डबा उभ्याचा आडवा करू नका. बंद करा, तबकड्या थांबायला अर्धा मिनिट द्या, मग हलवा.

कोणती केबल कोणत्या सॉकेटला, हे नीट वाचा, कारण यात तुमच्या पैशाचा फायदा आहे. एच८१ मधले सगळे साटा सॉकेट सारखे नसतात. सहसा दोन सेकंदाला ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. बऱ्याच बोर्डांवर रंग वेगळा असतो. नसला तर सॉकेटशेजारी बारीक अक्षरात ६जी किंवा ३जी छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. एसएसडी ६ च्या पहिल्या सॉकेटला गेली पाहिजे. ती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचू शकते. ३ च्या सॉकेटला जास्तीत जास्त ३०० ची वाट मिळते, म्हणजे एसएसडीचे पैसे निम्मे वाया. ६ च्या दुसऱ्या सॉकेटला ४ टीबीची डिस्क लावा, पण ती ३ ला लागली तरी फारसं काही बिघडत नाही, कारण फिरणारी डिस्क एवढ्या वेगाला पोचतच नाही. ५०० जीबीची ३ ला. डीव्हीडी सगळ्यात शेवटी. १६ पट वेगाची डीव्हीडीसुद्धा सेकंदाला २२ एमबीच्या आसपासच देते, तिच्यासाठी कोणतंही सॉकेट मोठंच आहे. डीव्हीडीला पहिल्या सॉकेटवर बसवलेली मशीन मी नेहमी बघतो. त्याने काही जळत नाही, पण एसएसडीवर मात्र अन्याय होतो.

विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा, आणि पेन ड्राइव्ह चालत नसेल तर डीव्हीडी. दोन्ही हार्ड डिस्कच्या केबल काढून ठेवा. हे का? एकाहून जास्त डिस्क दिसल्या तर विंडोजचं इन्स्टॉलर सुरू होण्यासाठी लागणारा छोटा हिस्सा कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर टाकतं. तुम्हाला वाटतं विंडोज एसएसडीवर आहे. सहा महिन्यांनी जुनी ५०० जीबी काढली की मशीन सुरूच होत नाही, आणि माणूस एसएसडीला शिव्या घालतो. एसएसडी एकटीच असली की ही शक्यताच राहत नाही. इन्स्टॉल झालं, दोनदा सुरू-बंद करून बघितलं, की मग मशीन बंद करून बाकीच्या जोडा आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडायच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एसएसडी पहिली आहे का ते बघा. ५०० जीबीवर जुनं विंडोज तसंच असणार, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा. बायोसमध्ये गेलातच तर साटा मोड (बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे की आयडीई, हेही विंडोज टाकायच्या आधीच बघून घ्या. एएचसीआय हवं. विंडोज टाकल्यावर ते बदललं तर निळा पडदा येतो. आणि ४ टीबीची डिस्क पहिल्यांदा उघडली की विंडोज विचारेल एमबीआर की जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नोंद ठेवायच्या दोन पद्धती), जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.

विजेच्या तारांकडे लोक सगळ्यात कमी बघतात. तुमच्या एसएमपीएसमधून साटाच्या किती जोडण्या निघतात ते मोजा. स्वस्त एसएमपीएसमध्ये सहसा एकाच तारेवर पुढे-मागे दोनच असतात, आणि बाकी जुन्या पद्धतीच्या मोठ्या चार पिनांच्या. हार्ड डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून दीड ते दोन अँपिअर ओढते, मग शांत होते. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की तेवढ्या क्षणापुरता दुप्पट भार. एसएमपीएस ठीक असेल तर याने काही होत नाही. पण मधे एकाला दुसरा स्प्लिटर (एका जोडणीच्या दोन करणारी तार) लावलेला असेल तर प्रत्येक जोडणीवर व्होल्टेज गळतं, आणि डिस्क 'टिक... टिक...' करत पुन्हापुन्हा सुरू व्हायला बघते. लोक म्हणतात डिस्क गेली. अनेकदा गेलेली नसते, तिच्या पोटात वीज पोचत नसते. म्हणून मूळ साटा जोडण्या दोन्ही हार्ड डिस्कना द्या. कन्व्हर्टर (चार पिनांच्या जोडणीवरून साटाचं वीजटोक देणारी तार) वापरायचीच वेळ आली तर तो एसएसडीला आणि डीव्हीडीला. त्यांची भूक कमी आहे, आणि डीव्हीडीत कोणाच्या लग्नाचा डेटा राहत नाही. कन्व्हर्टर घेताना टोक बघा. प्लास्टिक वितळवून तारांवर एकसंध ओतलेलं टोक असेल तर घेऊ नका. त्यात आतल्या तारा सरकून एकमेकींना लागतात आणि टोक जळतं; काळी पडलेली टोकं माझ्या टेबलावर आलेली आहेत. वरून झाकण दाबून तारा पिनांत अडकवलेल्या असतात, तो प्रकार घ्या.

आता एक मेख सांगतो. एका तारेवरच्या दोन साटा जोडण्यांमध्ये वीतभरच अंतर असतं. मी वर सांगितलं तसा एक खण मोकळा सोडला तर ती तार दोघींना पोचते का, हे डिस्क कसायच्या आधी बघा. पोचत नसेल तर तार ताणू नका. साटाचं वीजटोक एल आकाराचं, पातळ प्लास्टिकचं असतं. ताणाने ते डिस्कच्या बाजूचं तुटतं, आणि मग डिस्क चांगली असूनही कामाची राहत नाही. डेटा केबलचंही तेच. क्लिप असलेली केबल घ्या, बाजूचं झाकण लावताना ती मोडत असेल तर काटकोनी टोकाची घ्या. डीव्हीडी वर आणि सॉकेट खाली, म्हणजे तिथे लांब केबल लागेल. १ मीटरपर्यंत चालते, पण गरजेपेक्षा लांब घेऊन तिची गुंडाळी करून पंख्यासमोर टाकू नका.

उन्हाळ्याचं बोलू, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय. हाताने तापमान मोजू नका. ५० अंशांचं लोखंड हाताला चटकाच देतं, आणि बहुतेक हार्ड डिस्कची कंपनीने दिलेली मर्यादा ६० अंशांची असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ते डिस्कचं आतलं तापमान दाखवतं. माझा धरसोड न करता पाळलेला हिशोब असा: ४५ च्या आत असेल तर निवांत. ४५ ते ५० मध्ये दिवसभर राहत असेल तर पंखा, जाळी, मधली फट यांपैकी काहीतरी चुकलंय. ५५ च्या पुढे गेली की मोठी कॉपी थांबवा. गुगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही, असं त्यात निघालं. फार जास्त तापमानाला आणि जुन्या झालेल्या डिस्कवर मात्र परिणाम दिसला. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण राजेहो, त्यांच्या डिस्क थंड केलेल्या खोल्यांत होत्या. तुमचा स्टुडिओ टिनाच्या छताखाली असेल तर मेमध्ये दुपारी आतच ४० अंश असतात. पंखा डिस्कला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त खोलीच्या जवळ आणून ठेवतो. पंख्याविना डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश वर चालते. बेरीज तुम्हीच करा. म्हणून पंखा लावूनही मे महिन्यातली शंभर-दोनशे जीबीची कॉपी सकाळी ऊन चढायच्या आत किंवा रात्री लावा.

कुलरबद्दल लोक दोन टोकं गाठतात. कोणी म्हणतं कुलरच्या हवेने कॉम्प्युटर खराब होतो, कोणी कुलर थेट डब्यावर रोखतो. आपल्याकडच्या कोरड्या मेमध्ये कुलरने खोली आठ-दहा अंशांनी उतरत असेल तर डिस्कसाठी ते चांगलंच आहे. फक्त झोत डब्यावर नको. खसमधून उडालेले पाण्याचे बारीक थेंब आत गेले की बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार बोर्डावर आणि जोडण्यांवर बसतो. पाऊस लागल्यावर मात्र बंद खोलीत कुलर चालवू नका, तेव्हा तो दमटपणाच वाढवतो.

आणि धूळ. आपल्याकडे ती साधी नसते. कापूस वेचणीपासून जिनिंगच्या हंगामापर्यंत रुईचे तंतू हवेत असतात, सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत कुटार उडतं. रुईचा तंतू पंख्याच्या जाळीवर बसला की त्यावर धूळ चिकटून वाकळीसारखा थर होतो आणि समोरचा पंखा नुसता फिरत राहतो, आत काही जात नाही. पंख्यासमोर बाहेरून मच्छरदाणीच्या बारीक जाळीचा तुकडा लावा, हंगामात दर आठवड्याला काढून झटका. डिस्कच्या अंगावर एक लहान भोक असतं, शेजारी 'झाकू नका' अशी सूचना छापलेली. ते श्वासाचं भोक आहे. त्यावर स्टिकर, टेप, फेव्हिकॉलचा थेंब काही नको, आणि ब्लोअरची तोटीही थेट त्यावर धरू नका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की मोठी फाइल कॉपी करताना मशीन मधेच अडकतं. हे ५०० जीबीचंच दुखणं असावं असं मला वाटतं, पण नक्की कळण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चार ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब जागा सोडून दुसरी जागा किती वेळा वापरली. सी५ म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे अजिबात दुरुस्त न झालेल्या. आणि सी७ म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेला डेटा. सी७ चा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, केबल बदला, टोक काढून पुन्हा दाबा. तो आकडा केबल बदलल्यावरही शून्य होत नाही, जिथे आहे तिथे थांबतो. थांबला म्हणजे काम झालं. सी५ वाढत असेल तर मात्र ५०० जीबीवरचं सगळं आजच ४ टीबीवर घ्या आणि तिला नवीन जागा देण्याचा खटाटोपच करू नका. मग पिंजऱ्यात एकच फिरणारी डिस्क उरेल आणि वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागणारही नाही.

गिऱ्हाइकाचा डेटा एकाच डब्यातल्या दोन डिस्कवर ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला असं धरू नका. जूनमधली एक वीज, एसएमपीएसचा एक झटका, दोन्ही एकदमच जातात. डब्याबाहेर, वायर काढून ठेवलेली एक यूएसबी डिस्क हवीच. दुकानात अर्थिंग नसेल आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर डिस्कच्या आधी तो खर्च करा.

आता तो आयडीई रायटर. एच८१ मध्ये आयडीई नाहीच. इंटेलने आपल्या चिपसेटमधून तो २००६ च्या सुमारास काढला. पुढे काही बोर्डांवर दुसऱ्या कंपनीची चिप लावून सॉकेट द्यायचे, पण एच८१ च्या काळापर्यंत तेही जवळपास संपलं. यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, डब्यात बसवलं तरी वायर मागून बाहेर काढून यूएसबीत घालावी लागते. मी लावणार नाही. तुम्हाला दुसरा रायटर हवाय तो एका डीव्हीडीवरून दुसरी करण्यासाठी, असं दिसतंय. त्यासाठी दोन रायटर लागतच नाहीत. पहिल्या डीव्हीडीची आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल) एकदा ४ टीबीवर बनवा आणि तीवरून एकाच रायटरने हव्या तेवढ्या प्रती काढा, ८ पट वेगाने, शेवटी व्हेरिफाय (प्रत नीट उतरली का याची तपासणी) करून. मूळ डीव्हीडीवर ओरखडा असेल तर तो पहिल्याच वाचनात कळतो, प्रत्येक प्रतीत उतरत नाही. जुना रायटर भंगारात द्या, आणि रिकाम्या खणाचं प्लास्टिकचं झाकण मात्र परत बसवा. ते नसेल तर पुठ्ठा कापून आतून चिकटवा, कारण उंदीर त्याच वाटेने जातो आणि पहिला चावा डेटा केबललाच घेतो.

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी ५०० जीबीच्या त्या चार ओळींचा फोटो इथे टाका. सी५ बघितल्याशिवाय ब्रॅकेट आणायला यवतमाळला जाऊ नका.